उन्हाळ्यासाठी सुती टॉप: सुयांवर विणलेला, अंगासरशी बसणारा

लोकरीचा मफलर झाला, बाळाचं टोपरं झालं, मोजे झाले, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आपल्या हवेत घालता येईल असं काय विणायचं? मुंबई-कोकणात स्वेटर वर्षातून चार दिवस कपाटाबाहेर येतो. सुती दोऱ्यात विणलेला बिनबाह्यांचा टॉप मात्र फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगावर राहतो. ज्यांना सुलट-उलट टाके येतात, एखादी सरळ पट्टी विणून झाली आहे, पण मापाचा कपडा अजून हातून झालेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लोकर ताणली की परत येते. सूत ताणलं की तिथेच राहतं. लोकरीच्या तंतूला जन्मजात नागमोडी वळण असतं, त्यामुळे थोडं चुकलेलं मापही ती सांभाळून घेते. सुताला तसं वळण नाही. सुती विणीला जो ताण मिळतो तो फक्त टाक्यांच्या फासांमुळे, आणि ओढलेला फास आपणहून आवळत नाही. शिवाय सूत लोकरीपेक्षा जड. कपडा स्वतःच्याच वजनाने खाली उतरतो.

अंगातला टी-शर्ट उलटा करून कापड डोळ्यांजवळ आणा. बारीक बारीक आडव्या लाटा दिसतील. सुलट बाजूला पाहिलंत तर एकाखाली एक बसवलेली इंग्रजी ‘व्ही’ अक्षरं. ही आपलीच वीण आहे, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. फक्त ती तिरुपूरसारख्या ठिकाणी मशीनवर फार बारीक धाग्यात विणलेली. जुन्या टी-शर्टचा गळा सैल पडून लोंबतो ना, तेच आपल्या टॉपचं होऊ द्यायचं नाही.

आणि सुयांवर सूत विणणं ही काही नवी टूम नाही. इजिप्तमध्ये सापडलेले अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, पांढऱ्या-निळ्या नक्षीचे विणलेले मोजे सुतीच आहेत. विणकामाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

दोरा निवडताना

आपल्याकडे दुकानात ‘सुती दोरा’ मागितला की बऱ्याचदा रुमालाच्या कडेला किंवा तोरणाला लागतो तो क्रोशाचा बारीक दोरा पुढे येतो. तो नको. त्यात टॉप विणायला बसलात तर दोन उन्हाळे जातील. आपल्याला हवा आहे तो विणकामाचा सुती दोरा, ज्याच्या वेष्टणावर साधारण ३.७५ ते ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असते. ५० ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे १०० ते ११० मीटर दोरा असेल तर जाडी बरोबर आहे.

गुंड्याचं टोक हातात घेऊन उलट्या दिशेने जरा फिरवा. लगेच चार पदर सुटे झाले तर तो दोरा विणताना सुईच्या टोकावर फुटणार, टाक्यात दोन पदर येणार आणि दोन बाहेर राहणार. पीळ घट्ट असलेला घ्या. चकाकणारा मर्सराइज्ड दोरा दिसायला देखणा असतो. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ साली सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, तेव्हा तंतू फुगून मजबूत झाले आणि रंग चांगला धरू लागले. पुढे होरेस लो याने तीच प्रक्रिया दोरा ताणून धरून केली, तेव्हा त्यावर चकाकी आली. पण पहिल्या टॉपला मी बिनचकाकीचा दोरा सांगेन. चकाकत्या दोऱ्यावर प्रत्येक कमी-जास्त टाका उठून दिसतो, आणि तो सुईवरून सटकतोही लवकर.

रंग फिका किंवा मधला घ्या. काळ्या-गडद निळ्यात रात्री दिव्याखाली टाके मोजणं म्हणजे डोळ्यांना त्रास. छाती ३६ इंच असेल तर २५० ग्रॅममध्ये काम होतं, तरी मी ३०० ग्रॅम घेते, आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे. एकदा एका दुकानात मला ‘रंग तोच आहे ताई, काही फरक नाही’ असं सांगून दुसऱ्या लॉटचा गुंडा दिला गेला. ट्यूबलाइटखाली खरंच फरक नव्हता. उन्हात गेल्यावर छातीच्या वर आडवी पट्टी सरळ दिसायला लागली, आणि तो सगळा भाग मला उसवावा लागला. वेष्टणावरचा नंबर स्वतः वाचून घ्या.

सुया आणि बाकीचं सामान

आपल्याकडे सुयांना नंबर असतात ते जुन्या ब्रिटिश पद्धतीचे: नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५ आणि ११ म्हणजे ३. परदेशातून सुया मागवणाऱ्यांनी मिलिमीटरच बघावेत, कारण अमेरिकन नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई जाड.

या टॉपला ९ नंबरची जोडी अंगासाठी आणि ११ नंबरची बॉर्डर-पट्ट्यांसाठी. खांदे जोडायला ९ नंबरचीच एक सुटी सुई. जमलं तर बांबूच्या घ्या, सूत त्यांवर जरा धरून राहतं. टोक फार अणकुचीदार नको, पदर फुटतात. याशिवाय मोठ्या डोळ्याची बोथट सुई, टाके ठेवायला मोठ्या सेफ्टी पिना, टेप, आणि एक वही. वही खरंच ठेवा. कुठली ओळ झाली हे डोक्यात राहत नाही, विशेषतः मधे कुकरची शिट्टी झाली की.

माप

तीन मापं अंगावर घ्या: छाती, कंबर, आणि कंबरेखाली टॉप जिथे संपवायचा तिथला घेर. उंचीची मापं अंगावर घेण्यापेक्षा तुम्हाला नीट बसणारा एखादा टी-शर्ट पलंगावर सपाट पसरा आणि खालच्या कडेपासून काखेपर्यंत, काखेपासून खांद्यापर्यंत मोजा. स्वतःची उंची स्वतः मोजताना माणूस वाकतो आणि माप चुकतं.

आता टॉप अंगाबरोबर बसवायचा तर छाती ३६ इंच म्हणून ३६ विणायचं नाही. ३५ विणायचं. घालताना वीण इंचभर सहज सैलावते, आणि तीच सैल झालेली वीण अंगावर नीट बसते. दोन इंच कमी केलंत तर टाके ताणले जाऊन मधून अंग दिसायला लागतं. कंबरेला मात्र कमी करू नका, तिथे अर्धा-एक इंच जास्तच बरा, नाहीतर बसल्यावर आडव्या सुरकुत्या पडतात.

नमुन्याचा तुकडा: इथे घाई नको

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण ज्यावर टॉप बसणार की फसणार हे ठरतं ते काम. ९ नंबरच्या सुईवर ३६ टाके घाला आणि ४४ ओळी विणा, एक सुलट, एक उलट. कडा गुंडाळतील, गुंडाळू देत. टाके बंद करा. मधल्या भागात टेप ठेवून ४ इंचात आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती ते मोजा आणि वहीत लिहा. हे झालं ‘धुण्याआधी’चं माप.

मग तो तुकडा जसा टॉप धुणार आहात तसाच धुवा. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये. गडद रंग असेल तर पांढऱ्या रुमालाबरोबर भिजत ठेवा, रंग जातो की नाही तेही कळेल. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट वाळवा. वाळल्यावर वरच्या कडेने दोरीला टांगा आणि खालच्या कडेला पाच-सहा कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर तसाच ठेवा. चिमट्यांचं वजन म्हणजे खालच्या सगळ्या टॉपचं वजन, असं समजा. सकाळी पुन्हा मोजा. हिशेब या दुसऱ्या आकड्यांवर करायचा.

माझ्या एका तुकड्यावर धुण्याआधी ४ इंचात २२ टाके आणि ३० ओळी होत्या. टांगल्यानंतर टाके २२ च राहिले, ओळी २८ झाल्या. ऐकायला दोनच ओळींचा फरक. पण १४६ ओळींचा टॉप पहिल्या हिशेबाने साडेएकोणीस इंच होतो आणि दुसऱ्याने जवळजवळ एकवीस. पहिला सुती टॉप मी तुकडा न धुता विणला होता आणि धुतल्यावर गॅलरीत दोरीवर वाळत घातला होता. वाळला तेव्हा कंबरेचा आकार कंबरेवर राहिलाच नव्हता, खाली घसरला होता. महिनाभराचं काम होतं ते. म्हणून एवढं कळकळीनं सांगते आहे.

आडव्या टाक्यांचंही तसंच. ४ इंचात २२ ऐवजी २१ टाके आले तर ३५ इंचाचा घेर साडेछत्तीसच्या पुढे जातो, म्हणजे अंगासरशीचा टॉप ढगळ होतो. तुमचे टाके २२ पेक्षा कमी येत असतील तर हात आवळून विणायचा प्रयत्न करू नका, तो दोन ओळींत सुटतो. सुई बदला, १० नंबर घ्या. जास्त येत असतील तर ८.

तुकड्यावर आणखी एक गोष्ट तपासा. उलट बाजूला जोडीजोडीने फट पडलेली दिसते का? दोन ओळी जवळ, मग रेघ, पुन्हा दोन ओळी जवळ? याचा अर्थ तुमचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात. लोकरीत हे झाकलं जातं, सुतात नाही. उपाय सोपा आहे: उलट ओळ विणायला एक नंबर बारीक सुई वापरा. एका हातात ९ ची, दुसऱ्यात १० ची. सुलट ओळ ९ ने विणायची, उलट १० ने. टाके एकसारखे येतात. मात्र मापाचा तुकडाही याच जोडीवर पुन्हा विणून बघा.

टाक्यांचा हिशेब

या टॉपसाठी टांगल्यानंतरचं माप ४ इंचात २२ टाके आणि ३० ओळी असं धरलं आहे. ४ इंचात २२ म्हणजे इंचाला साडेपाच टाके, आणि ३० ओळी म्हणजे इंचाला साडेसात. ३५ गुणिले साडेपाच १९२. अर्धे पाठीला, अर्धे पुढे: ९६. शिवणीत प्रत्येक बाजूचा एकेक टाका जातो, म्हणून अधिक २. एका भागाला ९८ टाके.

पाठ आणि पुढचा भाग वेगळे विणून बाजूला शिवण घालायची आहे. गोल सुईवर एकसंध विणता येतं, शिवणकाम वाचतं, हे खरं. पण सुती टॉपला मी शिवणच सांगते. बाजूची शिवण म्हणजे कपड्याचा कणा. ती कापडाला खाली उतरू देत नाही आणि पिळवटूही देत नाही.

पुढचे आकडे छाती ३६, कंबर ३० आणि वरच्या, टांगल्यानंतरच्या मापाला धरून आहेत: ४ इंचात २२ टाके, ३० ओळी. दुसऱ्या मापांसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे सांगते.

पाठ

११ नंबरच्या सुईवर ९८ टाके घाला. अंगठ्यावर फास घेऊन टाके घालायची पद्धत चांगली, कड थोडी लवचीक राहते. त्यासाठी टोकाला पावणेदोन मीटर दोरा सोडा. नाहीतर नव्वदाव्या टाक्याला दोरा संपतो आणि सगळं परत करावं लागतं.

एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर १२ ओळी. सुती बॉर्डर लोकरीसारखी आवळून धरत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. कड गुंडाळू न देणं हेच तिचं काम.

आता ९ नंबरची सुई. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. ओळी इथून पुन्हा १ पासून मोजा.

कंबरेसाठी घटवायचं ते ५, ९, १३, १७, २१ आणि २५ व्या ओळीत. घटवायची ओळ अशी: ३ सुलट; एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा सुलट विणा, न विणलेला त्याच्यावरून ओलांडून टाका; शेवटचे ५ उरेपर्यंत सुलट; २ टाके एकत्र सुलट; ३ सुलट. दर खेपेला दोन टाके कमी होतात. सहा वेळा झालं की ८६ उरतात. घट अगदी कडेला न करता तीन टाके आत केली की शिवणीची कड सरळ राहते, आणि दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा उमटतात त्या दिसायलाही छान दिसतात.

२६ ते ३४ ओळी साध्या. हा कंबरेचा भाग.

वाढवायचं ते ३५, ४१, ४७, ५३, ५९ आणि ६५ व्या ओळीत: ३ सुलट, एक वाढवा, शेवटचे ३ उरेपर्यंत सुलट, एक वाढवा, ३ सुलट. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा दोरा डाव्या सुईवर उचला आणि त्याच्या मागच्या बाजूने सुलट विणा. मागून विणल्याने त्याला पीळ बसतो. पुढून विणलात तर तिथे भोक पडतं आणि सुतात ते बुजत नाही. सहा वेळा झालं की पुन्हा ९८.

७८ व्या ओळीपर्यंत साधं विणा. बॉर्डर धरून ९० ओळी, म्हणजे १२ इंच. काख आली.

मुंढा. ओळींची मोजणी पुन्हा १ पासून.
ओळ १ आणि २: सुरुवातीला ६ टाके बंद. (८६)
ओळ ३ आणि ४: सुरुवातीला ३ टाके बंद. (८०)
पुढच्या सहा सुलट ओळींत दोन्ही बाजूंना एकेक घट, उलट ओळी साध्या. (६८)
यानंतर मुंढ्याच्या ५२ व्या ओळीपर्यंत सरळ.

५३ व्या ओळीत मागचा गळा: १८ सुलट, मधले ३२ बंद, १८ सुलट. दोन्ही बाजू आता वेगवेगळ्या विणायच्या, गळ्याच्या कडेला पुढच्या दोन ओळींत एकेक टाका घटवून प्रत्येकी १६. मुंढ्याच्या ५६ ओळी झाल्या की हे १६-१६ टाके बंद न करता पिनांवर ठेवा.

सुताने हात लवकर दुखतो. लोकर बोटांबरोबर थोडी खेळते, सूत खेळत नाही, सगळा ताण मनगटावर येतो. पुढचा आणि मागचा भाग मिळून २४,००० च्या आसपास टाके आहेत. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा, बोटं उघडमीट करा, मग पुढे. ओळीच्या मधे मात्र थांबू नका, तिथला टाका सैल राहून कायमचा दिसतो.

नवा गुंडा जोडायचा तो कडेलाच, मधे कधीच नाही. दोऱ्याचं टोक वीतभर सोडा. लोकरीच्या तंतूंना सूक्ष्म खवले असतात, टोकं एकमेकांना धरून बसतात. सुताची टोकं गुळगुळीत, ती हळूहळू बाहेर येतात. म्हणून ती शेवटी शिवणीत दोन दिशांना ओवायची. गाठ मारलेली कड अंगाला टोचते.

पुढचा भाग

मुंढ्याच्या २२ व्या ओळीपर्यंत सगळं पाठीसारखंच, सुईवर ६८ टाके.

२३ व्या ओळीत गळा: २५ सुलट, मधले १८ बंद, २५ सुलट. एक बाजू पिनेवर ठेवा. दुसऱ्या बाजूला, गळ्याकडून सुरू होणाऱ्या ओळींत आधी ३ टाके बंद, पुढच्या तशा ओळीत २ बंद, आणि मग चार सुलट ओळींत गळ्याच्या कडेला एकेक घट. २५ मधून ९ गेले, १६ राहिले. मुंढ्याच्या ५६ ओळी होईपर्यंत सरळ विणून पिनेवर ठेवा. पिनेवरची बाजू तशीच, फक्त आरशात पाहिल्यासारखी: इथे गळ्याकडून सुरू होणारी ओळ उलट असते, त्यामुळे बंद करायचं ते उलट ओळीत येईल.

एवढं झाल्यावर दोन्ही भाग पाण्याने फवारून, कडा हाताने सरळ करून, जाड टॉवेलवर टाचण्या लावून वाळवा. गुंडाळलेल्या कडा शिवायला बसलात तर ओळीला ओळ जुळत नाही.

खांदे, गळा, मुंढे, बाजू

क्रम महत्त्वाचा आहे, तेवढा पाळा.

आधी उजवा खांदा. दोन्ही भागांच्या सुलट बाजू आमनेसामने ठेवा, १६-१६ टाके दोन सुयांवर घ्या. तिसरी सुई दोन्ही सुयांवरच्या पहिल्या टाक्यांत एकदमच घालून एक टाका विणा. पुढची जोडी तशीच विणा, आणि पहिला दुसऱ्यावरून ओलांडून टाका. शेवटपर्यंत असं केलं की जोडणीही होते आणि टाकेही बंद होतात. टॉपचं सगळं वजन खांद्यावर लटकतं, त्यामुळे इथे ही घट्ट जोडणीच हवी.

मग गळ्याची पट्टी. ११ नंबरची सुई, सुलट बाजू समोर. डाव्या खांद्याच्या पुढच्या टोकापासून उचलायला सुरुवात करा: उतरताना २६, मधल्या बंद टाक्यांतून १८, चढताना २६, मागच्या गळ्याला ३८. एकूण १०८. उभ्या कडेला चार ओळींमागे तीन टाके उचलायचे. प्रत्येक ओळीला एक उचललात तर पट्टी लाटांसारखी उभी राहते. एक सुलट, एक उलट अशा ५ ओळी, आणि टाके बंद करतानाही सुलटावर सुलट, उलटावर उलट. बंद करताना हात सैल सोडू नका, पण डोकं आत जाईल इतपत कड ताणली जाते ना, तेही बघा. मग डावा खांदा जोडा आणि पट्टीची टोकं शिवा.

मुंढ्यांच्या पट्ट्या बाजूची शिवण घालण्याआधी, सपाटच करायच्या. एका मुंढ्याला ९६ टाके: बंद केलेल्या प्रत्येक टाक्यातून एक आणि उभ्या कडेला पुन्हा चारात तीन. ५ ओळी, बंद.

शेवटी बाजू. दोन्ही भाग सुलट बाजूने शेजारी शेजारी ठेवा. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे दिसतील. बोथट सुईने एकदा या बाजूची पायरी उचला, एकदा त्या बाजूची. पाच-सहा पायऱ्या झाल्या की दोरा हलकेच ओढा, कडा मिटतात आणि शिवण दिसेनाशी होते. खालच्या बॉर्डरपासून सुरू करून पट्टीपर्यंत या. कंबरेच्या घटी समोरासमोर येतायत ना, ते अधूनमधून बघत राहा. दोरा जाड वाटला तर पदर सुटे करून दोनच पदरांनी शिवा.

दुसऱ्या मापांसाठी

छातीतून १ वजा, गुणिले इंचाचे टाके, भागिले २, अधिक २. छाती ४० असेल तर ३९ गुणिले साडेपाच म्हणजे सुमारे २१४, अर्धे १०७, अधिक २ म्हणजे १०९. सम आकडा हवा म्हणून ११०. ९८ च्या पुढचे हे १२ टाके सगळे खांद्यात ढकलू नका, नवशिक्यांकडून हीच चूक होते आणि खांदे दंडावर उतरतात. छाती चार इंच वाढली म्हणून खांदे चार इंच रुंद होत नाहीत. बहुतेक टाके मुंढ्यात घालवायचे: सुरुवातीला ६ ऐवजी ८ बंद, मग ३ बंद, मग सहाऐवजी आठ वेळा घट. उरतात ७२: खांदे १८-१८, गळा तोच ३६ चा. मुंढ्याची खोली अर्धा इंच वाढवा, म्हणजे ६० ओळी. गळ्याला तेवढ्या चार ओळी उशिरा सुरुवात करा. मुंढ्याच्या पट्टीचे टाकेही थोडे वाढतील, ते बंद टाक्याला एक आणि चार ओळींना तीन या हिशेबाने उचला.

कंबर आणि छाती यांत फारसा फरक नसेल तर सहाऐवजी तीनदाच घट आणि तीनदाच वाढ करा, त्यांच्यातल्या ओळी वाढवून.

धुणं आणि ठेवणं

हाताने धुवा, किंवा जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये. ओलं सूत कमजोर होत नाही, उलट जरा मजबूतच होतं, त्यामुळे धुण्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते ओल्या कपड्याच्या वजनाला. पिळू नका, दोरीवर टाकू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत सपाट पसरून हाताने मापात आणा. रुंदीला थोडं बाहेर, लांबीला थोडं आत.

चार-पाच वेळा घातल्यावर टॉप लांबल्यासारखा वाटला तर कोमट पाण्यात धुऊन, असाच आत दाबून वाळवा, बराचसा पूर्ववत होतो. कपाटात हँगरला न लावता घडी करून ठेवा.